तांबड्या आणि वारकरी

आमच्या लॅब्रेडॉरचं नाव तांबड्या. कोल्हापुरात कुत्र्याचं असं नाव ठेवलं की भेटेल तो माणूस एकच प्रश्न विचारतो, "मग पांढऱ्या कुठाय?" चार वर्षं झाली. मी अजूनही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.

तर गेल्या पावसाळ्यात तांबड्याचं वजन भरलं ४१ किलो. मी घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर मी खुर्चीत आणि तो खुर्चीखाली. त्यात आई त्याला भाकरी, आण्णा आईच्या नकळत भाकरी, आणि मी दोघांच्या नकळत बिस्किटं. जिना चढताना मागचा पाय ओढायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे नेला. एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा सैल आहे, म्हणाले. लॅब्रेडॉरमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं, आणि वजन वाढलं की सगळा भार तिथेच येतो. "वजन उतरवा. पण पळवू नका, उड्या मारू देऊ नका. पोहायला न्या."

मला वाटलं, सोपं आहे. पाण्याचाच कुत्रा तो. मामाच्या गावाबाहेर पाझर तलाव आहे, शहरापासून पाऊण तासावर. शनिवारी गाडीत घातला आणि नेला. तांबड्या पोटापर्यंत पाण्यात गेला, थोडं पाणी प्याला, आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी "जा जा" म्हणतोय, तो बघतोय. मामा बांधावरनं म्हणाला, "आरं, त्येला काम सांग की. बिनकामाचं कोण पाण्यात जातंय?"

मामा कुत्र्यांवरचं एकही पुस्तक न वाचता बरोबर बोलला होता. या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे होते. गळातून सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर थंडगार पाण्यातून ओढून आणायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमरावांनी ते कुत्रे ब्रिटनला नेले आणि त्यांना दुसरं काम दिलं: बंदुकीनं पाडलेलं बदक पाण्यातून शोधून, न चावता, मालकाच्या हातात आणून देणं. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं लॅब्रेडॉरला जात म्हणून मान्यता दिली. बोटांमधले पडदे, पाणी न शिरणारी दुहेरी लव, वल्ह्यासारखी जाड शेपटी, हे सगळं त्याच कामाचं. आपल्याकडचा मुधोळ किंवा कारवान सशामागे वाऱ्यासारखा पळेल, पण ससा तुमच्या हातात आणून ठेवण्यात त्याला फारसा रस नसतो. लॅब्रेडॉरचं उलटं आहे. आणणं हीच त्याची चैन.

म्हणजे काहीतरी फेकायला हवं. आता प्रश्न आला, काय फेकायचं?

सुरुवात टेनिस बॉलनं केली. तांबड्या पोहत गेला आणि घेऊन आला, मी खूश. चार-पाच फेऱ्यांनंतर तो ओकला, आणि ओकला ते नुसतं पाणी. नंतर कळलं की गोल, मोठी वस्तू तोंडात धरली की जबडा उघडा राहतो आणि पोहताना पाणी घशात जात राहतं. फार झालं तर रक्तातलं मीठ विरळ होऊन कुत्रा दगावू शकतो. शिवाय बॉलवरची लव दात घासून काढते, आणि लहान बॉल घशात अडकतो तो वेगळाच. बॉल बाद.

मग काठी. काठी तर फुकट! तिसऱ्या फेकीला ती काठावरच्या चिखलात उभी रुतली आणि हे ४१ किलोचं धूड पूर्ण वेगात तिच्यावर गेलं. तोंडातून रक्त. टाळूला खोच पडली होती, नशीब की घशात नाही गेली. डॉक्टर म्हणाले, काठीच्या जखमा आमच्याकडे नेहमी येतात. मला हे माहीत नव्हतं. आजवर पाहिलेल्या प्रत्येक सिनेमातला कुत्रा काठीच आणत होता की! काठी बाद.

प्लास्टिकची रिकामी बाटली एकच दिवस टिकली. बाटली दाबली की कडकड वाजते, वाजते म्हणून कुत्रा आणखी दाबतो. म्हणजे जे शिकवायचं नाही नेमकं तेच आपण शिकवतो.

या टप्प्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला (बायकोच्या भाषेत, "आता हा पंधरा टॅब उघडणार"). शिकारी कुत्र्यांना शिकवणाऱ्या लोकांनी याचा शंभरेक वर्षं विचार करून ठेवलाय. ते जे फेकतात त्याला डमी म्हणतात. साधारण हातभर लांब, मनगटाएवढी जाड वळकटी, आणि एका टोकाला फेकायला दोरी. ब्रिटनमधली नेहमीची डमी कॅनव्हासची, वजन एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पिल्लांसाठी त्याच्या निम्मी. अमेरिकेत प्लास्टिकच्या पोकळ डमी जास्त चालतात, ओल्या तोंडातून निसटू नयेत म्हणून अंगावर बारीक गाठी असलेल्या.

वजनाची भानगड मला फार आवडली. डमी फार हलकी असली की कुत्रा तिचं खेळणं करतो, हवेत उडवतो, झटकतो. फार जड असली की पेलण्यासाठी दात रोवतो. मधलं वजन असलं की तो आपोआप बरोबर मध्यावर तोल साधून धरतो, जबड्याचा जोर न लावता. या न चावता धरण्यालाच ते लोक हलकं तोंड म्हणतात. कुत्र्याचं सगळं शिक्षण म्हणजे ते हलकं तोंड बिघडू न देणं.

दुसरी गंमत रंगाची. दुकानांमध्ये भगव्या डमी ढिगानं मिळतात. पण कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-भगवा आणि हिरवा हे त्याला जवळपास सारखेच मळकट. म्हणजे गवतातली भगवी डमी आपल्याला लांबून दिसते आणि कुत्र्याला नाकानं शोधावी लागते. अनुभवी ट्रेनर ती मुद्दाम त्यासाठीच वापरतात. नवशिक्या कुत्र्याला पाण्यावर दिसायला पांढरी बरी, आणि सगळ्यात उत्तम अर्धी काळी, अर्धी पांढरी. मागे आकाश असो की गर्द झाडी, एक बाजू तरी उठून दिसते. (आपल्या यूआय डिझायनर मंडळींनी हे वाचावं :) )

असो. कॅनव्हासची एक डमी मागवली. आधी महिनाभर घराच्या बोळात, जमिनीवर शिकवलं. बस, थांब, आण, सोड. पैकी "सोड" सगळ्यात अवघड. तोंडातून ओढून घेतलं की तो आणखी घट्ट धरतो, ओढाओढीचा खेळ होतो. उपाय एकच, बदल्यात काहीतरी द्यायचं. मी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचो.

ते बघून आण्णांनी चित्त्यांचा विषय काढला. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, इथले चित्तेवान प्रसिद्ध होते. आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणले, पण नाद सोडला नाही. डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून चित्ता न्यायचा, कळप दिसला की टोपी काढायची. चित्ता हरणाचा गळा धरून बसला की ते सोडवायचं कसं? जुनी रीत अशी, की पळीत हरणाचंच रक्त किंवा मांसाचा तुकडा नाकासमोर धरायचा. त्याचं तोंड तिकडे वळलं की हरण बाजूला. "तुझं चिकन म्हंजे त्येच," आण्णा म्हणाले. आण्णांनी चित्ते पाहिलेले नाहीत, त्यांच्या आजोबांकडून ऐकलंय. पण सांगतात असं, की पळी यांच्याच हातात होती.

ऑक्टोबरात पुन्हा तलावावर गेलो. कॅनव्हासची डमी झकास चालली. एका वेळी सहा फेकी, त्यातही मध्ये विश्रांती, आणि तो "अजून, अजून" करत असतानाच थांबायचं. नोव्हेंबरअखेर वजन ३८. जिन्यावर पाय ओढणं कमी झालं. कॅनव्हासचा दोष एकच, वाळत नाही. दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिली तर गाडीला अशी घाण सुटते की बायको रिक्षानं जाते.

इथे थांबायला हवं होतं. पण आपल्या जातीला थांबता येत नाही. चालू असलेल्या गोष्टीला व्हर्जन टू काढल्याशिवाय झोप लागत नाही.

वाचता वाचता कळलं की डमीचा पुढचा अवतार म्हणजे बदकाच्या आकाराची डमी. टॉम डोकन या अमेरिकन ट्रेनरच्या नावानं ती प्रसिद्ध आहे. अंग फोमचं, मऊ. डोकं कडक, आणि मानेला सैल लोंबणारं. कुत्र्यानं पकडून झटकलं की ते डोकं त्यालाच लागतं, मग तो झटकायचं सोडतो. रंग, पिसांची नक्षी, वजन, मेलेल्या बदकाची लोंबती मान, सगळं खऱ्यासारखं. काही जण वर खरी पिसं बांधतात, वासाच्या कुप्यासुद्धा मिळतात. उद्देश हा, की प्रत्यक्ष शिकारीच्या दिवशी कुत्र्याला काहीच नवीन वाटू नये. मी त्याच प्रकारची, दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची मागवली. काय सुंदर वस्तू होती! चार दिवस टेबलावर ठेवून नुसती बघत होतो.

डिसेंबरातली सकाळ. पाण्यावर धुकं. तलावाच्या पलीकडच्या कडेला पक्षी होते, मामा म्हणाला, "वारकरी आल्यात." वारकरी म्हणजे काळा कुळकुळीत पाणपक्षी, कपाळावर आणि चोचीवर पांढरा पट्टा, डोळा लाल. बुक्का-गंध लावल्यासारखा दिसतो. थोडी हळदीकुंकू बदकंही होती. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळी हळद, मुळाशी लाल कुंकवाचे ठिपके. ज्यानं ही नावं ठेवली त्याला साष्टांग.

पहिली फेक व्यवस्थित. दुसरी मी जरा जोरात फेकली, डमी पाणगवताच्या कडेला पडली. तांबड्या धुक्यात दिसेनासा झाला. नंतर नुसतं डोकं दिसलं, सावकाश येणारं. तोंडात काहीतरी काळं. मला आधी वाटलं चिखलानं माखलीय डमी. मग डमी दिसली. ती तिथेच गवताजवळ तरंगत होती.

तो आला, माझ्यासमोर बसला, शिकवल्याप्रमाणे मान वर केली. तोंडात जिवंत वारकरी होता. मी "सोड" म्हणालो, आणि त्यानं माझ्या दोन्ही हातांत तो ठेवला. चिकन न मागता. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात बिनचूक काम होतं ते. शेपटी हलत होती.

हातातल्या पक्ष्याचं काळीज इतकं धडधडत होतं की मला माझ्या मनगटात जाणवत होतं. अंगावर दाताची एक खूण नाही, पीस मोडलेलं नाही. पण एका पायाला मासेमारीचा तंगूस गुंडाळलेला होता, बोट जवळपास कापलं गेलेलं. म्हणून तो बाकीच्यांबरोबर पळू शकला नसणार. मामानं विळ्याच्या टोकानं तंगूस कापला. आम्ही त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवलं आणि वनखात्याला फोन केला. माणसं आली, घेऊन गेली, माझ्याशी नीट बोलली. दोन दिवसांनी मी चौकशी केली. वारकरी गेला होता. पायाचा घाव जुना होता, तो तसाही वाचला नसता, असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं. पण कुत्र्याच्या तोंडातून शंभर फूट पाण्यातून येण्याचा धसका त्यात किती होता, हे कोण सांगणार?

त्या आठवड्यात मी वन्यजीव संरक्षण कायदा उघडून वाचला. १९७२ चा. सुरुवातीला त्यात शिकारीच्या परवान्यांची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. आणि शिकार या शब्दाची व्याख्या माझ्या समजुतीपेक्षा पुष्कळ रुंद निघाली. मारणं तर आहेच, पण पकडणं, पाठलाग करणं, हुसकावणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा. एकेकाळी याच देशात, १२ नोव्हेंबर १९३८ ला, भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारपार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले होते. ते दिवस गेले, फार चांगलं झालं. पण त्या दिवसांसाठी घडवलेला कुत्रा माझ्या खुर्चीखाली झोपतो, आणि मी त्याला हौसेनं त्या दिवसांची तालीम देत होतो.

मी नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. टेस्टिंगसाठी खोटे ग्राहक बनवायचे होते. मी हुशारी केली, खऱ्या ग्राहकांची यादी उचलून थोडे फेरफार केले, म्हणजे डेटा अगदी खऱ्यासारखा. काही फोन नंबर बदलायचे राहिले. एका रात्री खऱ्या माणसांना "टेस्ट टेस्ट हॅलो" असे मेसेज गेले. तेव्हा माझा सीनिअर एवढंच म्हणाला होता, की खोटं इतकं खोटं असावं की चुकूनसुद्धा खऱ्याच्या जागी बसू नये. बदकाची डमी हातात घेऊन बसलो होतो तेव्हा तो आठवला. परदेशातले लोक डमी खऱ्या बदकासारखी करतात कारण त्यांना शेवटी खरं बदकच हवं असतं. मला काय हवं होतं? कुत्र्याचा खुबा. मग माझी डमी जितकी बदकासारखी तितकी वाईट. मी सगळं वाचलं होतं, हे सोडून. कारण हे कुठे लिहिलेलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपल्या गावापुरतं समजून घ्यायचं होतं.

घरी मी दोन आठवडे काहीच फेकलं नाही. तांबड्या रोज सकाळी दाराशी जाऊन बसायचा.

आण्णांचं आणि कुत्र्याचं सुरुवातीला जमत नव्हतं. घरात कुत्रं नको, हे त्यांचं पहिलं वाक्य. (भाकरीचं वर सांगितलंच आहे.) एका रविवारी मागच्या दारी ठोकाठोक चाललेली. बघतो तर आण्णा पांगाऱ्याचं वाळकं लाकूड घेऊन बसलेले.

"बदकाचं सोंग कशाला पायजे त्येला? आम्ही बिंड्यावर पवायला शिकलो. त्योबी शिकंल."

तुमच्यापैकी जे विहिरीत पोहायला शिकलेत त्यांना बिंडा सांगायला नको. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की फार हलकं होतं, बुडता बुडत नाही. त्याचा ओंडका पाठीला बांधून पोराला विहिरीत ढकलायचं. कुणी सुका भोपळा बांधायचं, कुणी तेलाचा डबा. माझ्या पिढीला ट्रकची ट्यूब मिळाली. आण्णांनी त्या लाकडाचा एक फूट लांबीचा तुकडा काढला, कडा कानशीनं घासून गोल केल्या. मी वजन केलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, २६० ग्रॅम. म्हटलं, साडेचारशे हवं. आण्णांनी विचारलं, का? मी तोलाचं आणि हलक्या तोंडाचं सगळं सांगितलं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं, हे माझ्या आयुष्यात क्वचित घडलंय. मग वरून किलतानाचे दोन वेढे दिले, दाभणानं सुतळी ओवून शिवले. तरी कमी पडलं. त्यावर त्यांच्या जुन्या धोतराचं कापड. आता पांढरं झालं. मी काळ्या-पांढऱ्याचं सांगितल्यावर ते उठले आणि मोडकी छत्री घेऊन आले. अर्ध्या भागावर छत्रीचं काळं कापड. शेवटी भरलं ४४० ग्रॅम. दहा ग्रॅमची सूट आम्ही एकमेकांना दिली.

छत्रीच्या कापडाचा फायदा नंतर कळला, त्यात पाणी मुरत नाही. धोतराच्या बाजूचं कापड मात्र दर महिन्याला बदलावं लागतं.

जागा पण बदलली. रंकाळ्यावर सकाळी माणसांची गर्दी, तिथे कुत्रा पाण्यात सोडणं बरोबर नाही, शिवाय पक्षी तिथेही आहेतच. शेततळं अजिबात नको. त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ओलं असताना माणसाचाही पाय ठरत नाही, आत गेलेला कुत्रा वर येऊ शकत नाही. नदीचं म्हणाल तर सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा नदीबद्दल माझं मत तसंही वाईट आहे. शेवटी मामाचीच जुनी विहीर, पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या असलेली. तांबड्याला छातीपट्टा आणि त्याला लांब दोर. विहिरीत पक्षी म्हणाल तर वरच्या कपारीतले पारवे, ते आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

पहिल्या दिवशी बिंडा पाण्यात पडला तसा तांबड्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. हे काय आहे, या अर्थी. मग उतरला, नाकानं ढकलून पाहिला, मध्यावर धरला आणि आला. पायऱ्या चढून माझ्या शेजारून पुढे गेला आणि वर बसलेल्या आण्णांच्या पायाशी ठेवला.

"ह्येला म्हणायचं पैलवान," आण्णा म्हणाले, आणि खिशातून भाकरी काढली. डॉक्टरांना कृपया कोणी सांगू नका.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं तेव्हा दीड महिना बंद ठेवावं लागलं. आता पाऊस होऊन विहीर भरलीय. परवा वजन ३५ भरलं. तलावाकडे आम्ही कुत्र्याशिवाय जातो, दुर्बीण घेऊन. मामाला दुर्बीण दिली की तो पक्षी सोडून समोरच्या शेतात कुणाचा ऊस किती वाढलाय ते बघतो.

बदकाची डमी माळ्यावर पडून आहे. परवा आवराआवर करताना आईला सापडली. तिनं धूळ पुसून बघितली, तिला आवडली. दिवाळीत पोरं किल्ला करतील तेव्हा खालच्या तळ्यात ठेवू या का, म्हणाली. ठेव म्हटलं. तेवढे चार दिवस तांबड्याला मागच्या दारी बांधायला लागेल.